कपाट ओसंडून वाहतंय आणि घालायला काही नाही: आपल्या अंगाला शोभणारे कपडे कसे निवडता?

पडवीतली | ६ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात भाच्याचा साखरपुडा झाला. फोटो आले आणि मी एकेक फोटो मोठा करून बघत बसले. सगळ्या फोटोंत मी उशीच्या अभ्र्यासारखी दिसतेय. ड्रेस महागातला, रंग छान, कापड छान, लोकांनी तोंडावर कौतुकही केलं होतं. पण खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कमरेपाशी नुसता घोळ, आणि स्लिट दोन्हीकडून खिडकीच्या पडद्यासारखे फाकलेले.

दुसर्‍या दिवशी कपाट उपसलं. कुर्ते निघाले ३७. त्यातले गेल्या वर्षभरात अंगाला लागलेले ९. चार कुर्त्यांना तर अजून दुकानाची चिठ्ठी लटकतेय. ती सगळी सेलमधली खरेदी, 'बारीक झाले की घालीन' या खात्यावर जमा.

मग टेप काढली. छाती ३६, कंबर ३२, सीट (नितंबांचा घेर) ४३ इंच. उंची ५ फूट १, वय ४६. लेकीने हे आकडे मोबाइलमध्ये कुठेतरी भरले आणि जाहीर केलं, "आई, तू पेअर आहेस." म्हणजे नाशपाती. बरं, नाशपाती तर नाशपाती. पुढे काय?

अडचण अशी की रेडिमेड एम घेतला तर खांदे चोख बसतात, पण खाली सीटवर अडकतो. एक्सएल घेतला तर खाली होतो, पण वर मी त्यात हरवते. गेली वीस वर्षं मी एक्सएल घेतेय आणि स्वतःला जाडी समजतेय.

रोज कोथरूडहून स्कूटरवर बँकेत जाते, तेव्हा कपड्यात दोन्हीकडून बसता-उतरता आलं पाहिजे. महिन्यातून एखाद-दोनदा साडी. तुम्ही कपडे कसे निवडता, कुठून घेता, कोणाकडे शिवता? कृपया डाएट सुचवू नये. तो धागा वेगळा आहे आणि मी तिथेही फक्त वाचते.

---

चिंचगुळाची_आमटी | ६ जून, रात्री ११.०४

उशीचा अभ्रा! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अगं, माझंच लिहिलंयस की हे. फक्त माझे खांदे बसत नाहीत आणि सीट म्हणावी अशी नाहीच. वाचनखूण साठवलीय.

---

टेकडीवाला | ६ जून, रात्री ११.२०

रोज पहाटे वेताळ टेकडी चढा. महिन्याभरात एम बसेल. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

पडवीतली | ६ जून, रात्री ११.२२

शेवटून दुसरं वाक्य वाचलंत का काका?

---

सुईदोरा | ७ जून, दुपारी ३.१५

पडवीताई, मी गेली २२ वर्षं घरी शिवणकाम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फळांची नावं तूर्त बाजूला ठेवा. ती कळली म्हणून कापणीत काही फरक पडत नाही. मी गिर्‍हाइकाकडे बघते ते दोन ठिकाणी: खांदा कुठे संपतो आणि अंगाचा सगळ्यात भरलेला भाग कुठल्या उंचीवर येतो. बाकी सगळं या दोन्हींच्या मध्ये बसवायचं असतं.

तुमच्या एक्सएल कुर्त्याचा खांदा साधारण साडेपंधरा इंच असणार. तुमचा असेल चौदाच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे पाऊण पाऊण इंच शिवण खाली लोंबणार. खांदा उतरला की बाही उतरते, मुंढा (बाही जिथे बसते तो काखेचा गोल) खाली येतो, छातीपाशी चुण्या पडतात आणि बघणार्‍याला वाटतं बाई थकलेली आहे. तुम्ही म्हणताय ना अभ्रा, तो खांद्यापासून सुरू होतो, पोटापासून नाही.

आता स्लिट. स्लिट फाकतो याचा अर्थ सीटला कापड कमी पडतंय, दुसरं काही नाही. पुष्कळ जणी तो खालपर्यंत शिवून टाकतात. मग चालताना पाय अडकतो आणि स्कूटरवर बसताना 'टर्र'. शिवाय तुमची उंची कमी. रेडिमेड कुर्ता तुमच्यापेक्षा उंच बाई डोळ्यांसमोर ठेवून कापलेला असतो. त्याची कंबर तुमच्या कमरेच्या खाली येते, तिचा निमुळता भाग नेमका तुमच्या रुंद भागावर बसतो, आणि स्लिट जिथे सुरू व्हायला हवा त्याच्या दोन-तीन इंच खाली सुरू होतो. सगळा ताण तिथेच येतो.

तुम्हाला शिवताना मी छाती ३९ ला कापेन, सीट ४६-४७ ला, आणि कमरेत अगदी किंचित आत घेईन. कळ्या (खाली रुंद होत जाणारे तुकडे) घालून खाली मोकळा सोडला तर स्लिटची गरजच नाही आणि स्कूटरवरही अडत नाही. रेडिमेडच घ्यायचा असेल तर भरलेल्या भागाच्या मापाने घ्या आणि वरचं कमी करून घ्या. आत घेणं सोपं, बाहेर सोडणं अवघड. आजकालच्या कुर्त्यांना आतून इंटरलॉक मारून जेमतेम अर्धा इंच कापड ठेवतात, माया (शिवणीत राखलेलं जादा कापड) नसतेच. पूर्वी परकर-पोलकं शिवताना इंच-दीड इंच माया ठेवायचे, मुलगी वाढली की उसवून सोडायची. शिवून घेताना हक्काने सांगा, "दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवा."

फक्त एक ध्यानात घ्या. खांदा कमी करणं म्हणजे बाही उसवून, मुंढा नव्याने कापून पुन्हा बसवणं. ज्याला घाई आहे असा टेलर ते करत नाही, नुसता बाजूने टिपा मारून देतो. मग कुर्ता घट्ट आणि ढगळ, दोन्ही एकदम.

---

खण_आणि_मी | ७ जून, दुपारी ३.४०

सुईदोरा, 'घट्ट आणि ढगळ दोन्ही एकदम' हे माझ्या अर्ध्या कपाटाचं वर्णन आहे. कापडाबद्दलही लिहा ना.

---

सुईदोरा | ७ जून, सायंकाळी ५.३०

कापडावर तर खरा खेळ आहे. एकच ए-लाइन कुर्ता पातळ रेयॉनमध्ये शिवला तर सीटला चिकटून प्रत्येक वळण दाखवतो. तोच कडक खादीत शिवला तर तंबू होतो. तुम्हाला मधलं हवं: केंब्रिक, अस्तर लावलेलं मलमल, दोन-तीनदा धुऊन नरम झालेलं मंगलगिरीचं सुती कापड.

दुकानात करून बघायची एक गोष्ट सांगते. ताग्यातून मीटरभर कापड सोडायला सांगा आणि एका टोकाला चिमटीत धरून उचला. सरळ निथळत खाली आलं तर ते अंगावरूनही तसंच येईल. चिमटीच्या खाली शंकूसारखं फुलून उभं राहिलं तर कमरेखालीही तसंच उभं राहणार. दुकानदार "ताई, कसला विचार करताय?" विचारेल, विचारू दे.

आणि सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढाच. रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग टेलरकडे न्या. नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी मापं आटतात आणि बोल टेलरला बसतो.

---

स्पष्टच_बोलते | ७ जून, रात्री ९.१०

नाशपाती, सफरचंद, केळं... आपण मंडईत उभ्या आहोत का? माफ करा, पण हे सगळं शेवटी 'बाईने डमरूसारखं दिसावं' याच एका खुंटीवर टांगलेलं आहे. नाशपातीने वर झालर लावायची म्हणजे वरचं खालच्याएवढं दिसेल. सफरचंदाने पोट झाकायचं. केळ्याने पट्टा बांधून कंबर असल्याचं भासवायचं. ज्या डमरू आहेत त्यांना मात्र काहीही चालतं! माझी सीट ४४ आहे. आईचीही तेवढीच होती. आईने पन्नास वर्षं नेसल्या त्या साड्या कधी 'फ्लॅटरिंग' आहेत का म्हणून तपासल्या नाहीत.

---

पडवीतली | ७ जून, रात्री ९.४५

स्पष्टताई, राग पटतोय. पण आईच्या साडीला माप नव्हतं हो. साडी तिच्या अंगाप्रमाणे घडायची. मला दुकानातल्या एक्सएलच्या अंगाप्रमाणे घडावं लागतंय. मला सीट लपवायची नाहीये, ती माझीच आहे. खांदा दंडावर यायला नकोय इतकंच. (आणि थोडं बरं दिसायचंय. तेही खरं.)

---

स्पष्टच_बोलते | ७ जून, रात्री ९.५२

हे मान्य. साडीला माप नसतं हा मुद्दा आवडला. पण डमरूवरचा राग कायम.

---

नेमकं_सांगायचं_तर | ८ जून, सकाळी ७.३०

अजून कोणी बोललं नाही, पण बोलेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: 'आडव्या रेघा घालू नका, जाड दिसता.' हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच याच्या उलट लिहून ठेवलंय. सारख्या आकाराचे दोन चौकोन घेतले, एकात आडव्या रेघा भरल्या आणि दुसर्‍यात उभ्या, तर आडव्या रेघांचा चौकोन जास्त उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे पीटर थॉम्पसन यांनी २००८ मध्ये रेघांचे कपडे घातलेल्या बायकांच्या चित्रांवर हे तपासलं. आडव्या रेघांनी जाडी वाढते हा समज तिथेही टिकला नाही.

तेव्हा जिला आडव्या रेघांचा इरकलचा कुर्ता आवडतो तिने खुशाल घालावा.

---

चिंचगुळाची_आमटी | ८ जून, सकाळी ८.०२

म्हणजे मी पंधरा वर्षं उगाच उभ्या रेघांत फिरतेय?

---

सुईदोरा | ८ जून, सकाळी ११.००

रेघांपेक्षा कडा बघा. कपडा जिथे संपतो तिथे अंगावर एक आडवी रेघ ओढली जाते, नजर तिथे थांबते. आखूड बाही छातीच्या उंचीला संपली की छाती रुंद दिसते. तीच बाही कोपराखाली नेली की नजर कमरेकडे जाते. कुर्ता पोटरीच्या फुगीर भागावर संपला तर पाय आखूड दिसतात. दोन बोटं वर घ्या किंवा चार बोटं खाली न्या. पडवीताईंच्या उंचीला मी गुडघ्याच्या जरा खाली थांबेन. सध्याचे ४६ इंचांचे कुर्ते ५ फूट १ ला झग्यासारखे दिसतात, आणि खालून लांबी कमी करायला कुठलाही टेलर दहा मिनिटंच घेतो.

---

टेकडीवाला | ८ जून, दुपारी १.१५

एक गंभीर प्रश्न. पुरुषांनी काय करावं? वय ५४. पोट आहे. (टेकडी चढूनही आहे.) पँट पोटाखाली बांधतो, मग बूड लोंबतं आणि शर्ट सुटतो.

---

सुईदोरा | ८ जून, दुपारी १.४०

काका, पँट पोटाखाली बांधता म्हणजे माप पोटाचं टाळून कमरेच्या हाडांचं देता. बेंबीच्या जरा खालीपर्यंत येणारी, पुढे दोन प्लेट असलेली पँट शिवा. पुढचं आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) लांब ठेवायला सांगा. पट्टा आवळू नका. शर्ट सरळ घेराचा घ्या आणि बाहेर सोडा, लांबी खिशाच्या तोंडापर्यंत, त्याखाली नको. आणि शर्टाचं माप आधी खांद्याला बघा, पोटाला नाही. वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

---

टेकडीवाला | ८ जून, दुपारी १.४८

आभारी आहे. टेकडीचा सल्ला मागे घेतो.

---

काठपदर | ८ जून, रात्री १०.३०

साडीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. साडीला माप नसतं हे अर्धंच खरं. परकराला असतं, पोलक्याला तर फारच असतं, आणि साडी बिघडते ती या दोन्हींमुळेच.

परकर: चुण्यांचा, नाडीपाशी गोळा होणारा परकर भरल्या सीटवर कधीच नको. सहा कळ्यांचा घ्या, वर सपाट आणि खाली घेर. अंगाला चिकटणारे मासोळी परकर मिळतात, ते फोटोपुरते ठीक. त्यात जिना चढून दाखवा आणि मग बोला.

निर्‍या पाच-सहाच घ्या, पण खोचण्याआधी वरचा भाग हाताने सपाट करून घडी घाला. पोटावर जो गोळा दिसतो तो बहुतेक वेळा निर्‍यांचा असतो, पोटाचा नव्हे. आम्ही बिचार्‍या पोटाला दोष देतो.

कापड: ऑर्गन्झा आणि टिश्यू फुगतात, कमरेखाली भरलेल्या बाईला ते दुप्पट करून दाखवतात. माहेश्वरी, नरम चंदेरी, क्रेप, धुतलेलं लिनन छान पडतं. इरकल पण उत्तम, आणि तिचा टोप पदर उंची कमी असली तरी शोभतो. काठ मात्र बुटक्या बाईने (मीही बुटकीच, ४ फूट ११) दोन-तीन बोटांचा घ्यावा. हातभर काठाची पैठणी नेसले की मी काठातच संपते. तरी लग्नात नेसतेच. पैठणी आहे ती, फोटोसाठी थोडीच नेसायची.

पोलकं: एक गोष्ट टेलरशी भांडून करून घ्या. मुंढा उंच ठेवा. बायकांना वाटतं की मुंढा खोल ठेवला की हात मोकळा राहतो. होतं उलट. खोल मुंढ्यात हात वर केला की सगळं पोलकं त्याच्याबरोबर वर सरकतं. काखेपाशी बसणारा मुंढा असेल तर नुसती बाही हलते, पोलकं जागेवर राहतं. सुईदोरा सांगतीलच.

---

सुईदोरा | ८ जून, रात्री १०.४१

शंभर टक्के. आणि हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

---

खण_आणि_मी | ९ जून, सकाळी ९.१५

विषय निघालाच आहे तर बोलते, पुरुष सभासदांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं. पोलक्याचं माप द्यायला जाताना आतून काय घातलंय याकडे बघा गं! मी पाच वर्षं सैल पडलेली ब्रा घालून मापं देत होते आणि पोलकी बिघडली म्हणून तीन टेलर बदलले. आधार खांद्याच्या पट्ट्यांनी मिळत नाही, छातीखालच्या पट्ट्याने मिळतो. तो पट्टा पाठीवर वर चढत असेल तर सैल आहे असं समजा. मी ३८ बी घालत होते, निघाली ३४ डी. नवीन घालून तेच जुनं पोलकं घातलं तर टक (छातीपाशी आकारासाठी घेतलेल्या चुण्या) बरोबर जागेवर आले. टेलर बिचारा निर्दोष होता. त्याला कळवलेलं नाही.

---

नेमकं_सांगायचं_तर | ९ जून, सकाळी ९.४०

(ओलांडून पुढे गेलो.) रेडिमेडच्या मापांची रड अशी की आपल्याकडचे बरेच मापतक्ते परदेशी तक्त्यांवरून ओढूनताणून बेतलेले. म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला: १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची, देशातल्या ६ शहरांत. पुणं त्यात नाही.

---

टेकडीवाला | ९ जून, सकाळी ९.४३

पुणेकर माप देत नसतो. माप काढतो.

---

चिंचगुळाची_आमटी | ९ जून, सकाळी ९.५०

आज काका फॉर्मात. बरं, कापड कुठून घेता सगळ्या? लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माझी खरेदीची इच्छा मरते.

---

काठपदर | ९ जून, दुपारी १२.२०

गाडी नेऊच नको. पडवीताई कोथरूडच्या, त्यांना तर सोपं आहे. नळ स्टॉपवरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलायची आणि मंडईला उतरायचं. समोर तुळशीबाग. अस्तर, लेस, बटणं, हुक, नाड्या तिथेच. कापडाचे तागे बघायचे तर रविवार पेठेत चालत जा. रोजचे कुर्ते कॅम्पात फॅशन स्ट्रीटला मिळतात, पण तिथे घालून बघता येत नाही. म्हणून खांद्याचं माप लिहून ने आणि टेप पर्समध्ये ठेव. दुकानदार हसतात. टेप लावून घेतलेला कुर्ता परत करायला जावं लागत नाही, म्हणून मी पण हसते.

---

आजी_पेठेतल्या | १० जून, दुपारी ४.००

मुलींनो, वय ७२. नातीने टाईप करून दिलंय.

तुम्ही सगळ्या रुंदीचं बोलताय. आमच्या वयाला उंचीचं बघा. पाठीला बाक आला की पोलकं मागून वर चढतं, कंबर उघडी पडते, आणि पुढे पोटावर कापड गोळा होतं. मला वाटायचं पोट वाढलं. एका शिंपीणबाईंनी बघितलं आणि पाठीची उंची दीड इंच वाढवली, पुढची पाऊण इंच कमी केली. तेव्हापासून मी पोलकं ओढत नाही. माप घेताना ताठ उभं राहायचं नाही, रोज जशी उभी राहते तशीच राहायचं. खांदेही एकसारखे नसतात. माझा उजवा उतरलेला आहे, पंचेचाळीस वर्षं शाळेच्या पिशव्या वाहिल्या. त्या बाजूला आतून एक छोटी गादी लावली आहे. कुणाला कळत नाही.

---

स्पष्टच_बोलते | १० जून, दुपारी ४.२५

आजी, तुम्ही या धाग्याच्या सर्वोत्तम सभासद आहात.

---

पडवीतली | २१ जून, रात्री ११.१०

उशीर झाला, पण कामाला लागले होते.

आधी कपाट. जे ९ कुर्ते मी खरंच घालते ते पलंगावर पसरले आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते बघितलं. मला वाटलं होतं रंग असेल. नाही! नऊपैकी सातांना कळ्या आहेत आणि आठांची बाही कोपराखाली आहे. म्हणजे अंगाला हे सगळं कधीचं ठाऊक होतं, मलाच नव्हतं. उरलेल्या २८ मधून ८ दुरुस्त होण्याजोगे निघाले. २० देऊन टाकले, त्यात चिठ्ठीवाले चारही गेले. दोन रात्री वाईट झोप लागली.

मग मेट्रोने मंडई. रविवार पेठेतल्या एका दुकानात चिमटीचा प्रयोग केला. दुकानदार म्हणाला, "वजन करताय का ताई?" तरी तीन तागे नापास केले. चौथा, गडद निळा केंब्रिक, सरळ निथळला. अडीच मीटर घेतलं, रात्रभर भिजवलं. पाणी निळं झालं ते झालंच.

टेलर. याआधी मी ज्यांच्याकडे जायचे त्यांनी गेल्या दिवाळीत माझं पोलकं दुसर्‍याच बाईच्या मापाने शिवलं होतं आणि "घालून घालून सैल होईल" म्हणाले होते. म्हणून या वेळी नवीन. एका सहकारणीने नारायण पेठेतले एक मास्तर सांगितले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, आणि भिंतीवर पाटी: 'माप देताना पोट आत घेऊ नये. कपडा पोट बाहेर असतानाही घालायचा आहे.'

मी पाटी वाचायच्या आधीच पोट आत घेतलं होतं. मास्तर टेप गळ्यात टाकून नुसते थांबले. मिनिटभराने म्हणाले, "सोडा. मला घाई नाही."

साखरपुड्याचा तो कुर्ता मुद्दाम नेला होता. त्यांनी तो उलटा केला, बगलेची शिवण अंगठा आणि बोटात धरून दाबली, म्हणाले, "माया नाही यात." मग खडूने माझ्या अंगावरच, म्हणजे अंगातल्या कुर्त्यावर, खांद्याच्या हाडाशी एक रेघ मारली आणि शिवणीशी दुसरी. दोन रेघांत माझी दोन बोटं मावली. सुईदोराताई, तुम्ही पाऊण इंच म्हणाला होतात. पाऊणच निघाला, जेमतेम एक दोरा जास्त.

मी म्हटलं, "मास्तर, मला पेअर म्हणतात. नाशपाती." ते म्हणाले, "मला छाती ३६, सीट ४३ म्हणतात. एवढं पुरे."

---

सुईदोरा | २१ जून, रात्री ११.३०

माझे हात जोडून नमस्कार सांगा त्यांना.

---

चिंचगुळाची_आमटी | २२ जून, सकाळी ७.५०

पाटीचा फोटो हवा!!

---

पडवीतली | २२ जून, सकाळी ८.१०

काढायला गेले तर शेजारी दुसरी पाटी होती, 'फोटो काढू नये'.

---

पडवीतली | ८ जुलै, रात्री १०.००

कुर्ता आला. पहिल्या दिवशी स्कूटरचं हँडल धरलं आणि दंड आवळला. आरशासमोर उभं राहून सगळं छान होतं, गाडीवर नाही. परत नेला. मास्तरांनी मला दुकानातल्या स्टुलावर हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बसवलं. जिन्यावरून जाणारे दोघे थांबून बघत होते. बाहीचा घेर अर्धा इंच सोडला (माया होती!), मुंढ्याला हात लावला नाही. आता ठीक आहे. दुरुस्तीचे ८ पैकी ५ कुर्ते झालेत. दोन बिघडले, कारण ते रेयॉनचे होते आणि उसवताना भोकं पडली. एक अजून त्यांच्याकडेच आहे.

बँकेत घालून गेले. बारीक दिसतेस असं कोणीही म्हणालं नाही. तिघींनी मात्र विचारलं, "केस कापलेस का गं?"

---

खण_आणि_मी | ८ जुलै, रात्री १०.१२

केस! हहपुवा. अगदी असंच होतं. बदललंय ते कळतं, काय बदललंय ते कळत नाही.

---

स्पष्टच_बोलते | ८ जुलै, रात्री १०.३०

मास्तरांचा नंबर विपूत (विचारपुशीत, खासगी निरोपात) द्या. माझी सीट ४४ आहे आणि माझ्याकडे ६ मीटर मंगलगिरी पडून आहे.

---

काठपदर | ८ जुलै, रात्री १०.३३

मलाही.

---

टेकडीवाला | ८ जुलै, रात्री १०.३४

पँट शिवतात का ते?

---

पडवीतली | ८ जुलै, रात्री १०.५५

सगळ्यांना विपू केलीय. पँट शिवत नाहीत, विचारलं. आणि लगेच धावू नका, आजच तिसरी पाटी लागलीय: 'गणपतीआधी नवीन काम घेतले जाणार नाही. ओळख सांगू नये.'